उघडी राहिलेली फाइल

"बस इथे. पाय हलवायचे नाहीत, शिंकायचं नाही आणि मधे बोलायचं नाही," आई म्हणाली. "माइक चालू आहे."

"आई, मी सत्तावीस वर्षांची आहे."

"म्हणजे पाय जमिनीला टेकतात. मग हलवायची गरजच नाही."

मी स्टुलावर बसले. बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "तिला निदान चहा तरी पिऊ दे. रात्रभर बसमधे उभी राहून आल्यासारखी दिसतेय पोर."

"पुण्याहून कऱ्हाडला रात्र लागत नाही हो," आईनं न वळता उत्तर दिलं. "आणि चहा कीबोर्डजवळ आणायचा नाही. तुम्हालाही सांगितलंय."

एप्रिल संपत आला होता. मागची खोली दुपारभर तापायची, म्हणून आई सकाळीच कामाला बसायची. तिच्यासमोर तो जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर, टेबलाखाली घरघरणारा यूपीएस आणि उजव्या हाताला हे लाकडी स्टूल. मी सात वर्षांची असल्यापासून ते माझं होतं.

आई गावातल्या तंत्रनिकेतनात सी भाषा शिकवायची. प्रोग्राम अडला की तिची एक पद्धत होती. कोणाला तरी समोर बसवून ती तो ओळीओळीनं मोठ्यानं समजावून सांगायची. ऐकणाऱ्याला त्यातलं काही येत नसलं पाहिजे, ही अट. "ज्याला येतं त्याला आपण अर्धंच सांगतो," ती म्हणायची. "आणि चूक नेमकी न सांगितलेल्या अर्ध्यात असते." घरात काही न येणारी अशी मीच होते. बाबा पाटबंधारे खात्यात होते आणि दिवसा घरी नसायचे. शिवाय असलं काही कानावर पडलं की त्यांना झोप लागायची.

मी ऐकायचे. इतर मुलींच्या आया त्यांना राजा-राणी सांगत. माझी आई मला थांबायचं विसरलेल्या लूपची गोष्ट सांगायची. चार ओळी झाल्या की विचारायची, "कळलं?" पुन्हा चार ओळी, पुन्हा "कळलं?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसे. एकदा मी "हो" म्हणाले होते तर ती चिडली होती. "तू हो म्हणालीस की मी पुढे जाते, आणि चूक मागे राहते. तू नुसती बघत राहा माझ्याकडे." मग मी नुसती बघत राहायला शिकले. बोलता बोलता ती मधेच थांबायची, कपाळाला हात लावून "अगं बाई!" म्हणायची आणि कीबोर्डकडे वळायची. म्हणजे चूक सापडली. म्हणजे मी खेळायला मोकळी.

पुढे मी मराठी घेऊन एम. ए. करायला पुण्याला गेले आणि तिथेच एका प्रकाशनात मुद्रितं तपासू लागले. स्टूल रिकामं झालं, तेव्हा आईनं माइक विकत आणला. त्याच्यासमोर बोलायचं, बोललेलं पुन्हा ऐकायचं, चूक पकडायची आणि ते बोलणं पुसून टाकायचं. त्याला ती "माझी बडबड" म्हणायची. एकदा मी फोनवर म्हटलं होतं, "ठेव की एखादी, ऐकेन मी." ती म्हणाली, "बटाटे उकडले की पाणी ठेवतेस का तू?"

त्या दिवशीचा प्रोग्राम तिनं स्वतःच्याच घरासाठी लिहिला होता. कॉम्प्युटर मुलींच्या वसतिगृहाला द्यायचा होता. तिची जुनी विद्यार्थिनी नसीमा मुल्ला आता त्याच तंत्रनिकेतनात शिकवत होती आणि वसतिगृहही बघत होती. तिनं तो मागितला होता. पण त्यात कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका होत्या आणि मुलांचे गुण होते. आईच्या लेखी ते दुसऱ्याच्या हाती पडणं म्हणजे घराचं दार उघडं टाकून गावाला जाण्यासारखं होतं. म्हणून तिनं सगळं कायमचं काढून टाकणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं झाडू.

"आता बघ," ती पडद्यावरच्या एका ओळीवर पेन्सिलचं टोक टेकवून म्हणाली. "ही ओळ ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारते. काय म्हणते? अनलिंक. लोकांना वाटतं, यानं फाइल पुसली जाते. नाही. यानं फक्त नाव निघतं. दारावरची पाटी काढली म्हणून घर पडतं का? नाही ना. कळलं?"

मी तिच्याकडे बघत राहिले.

"एका घराला दोन पाट्या असू शकतात. पुढच्या दाराला आजोबांची, मागच्या दाराला मुलाची. एक काढली तरी पोस्टमन दुसरीवरून येतोच. शेवटची पाटी काढली की त्याला घर सापडत नाही. मग ती जागा दुसऱ्याला द्यायला मोकळी. पण कधी? आत कुणी बसलेलं नसेल तर. एखाद्या प्रोग्रामनं ती फाइल उघडून ठेवली असेल, तर तो उठून बाहेर पडेपर्यंत घर जसंच्या तसं. बाहेरून नाव नाही, पत्ता नाही, पण आत दिवा चालू. कळलं?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"सगळे बाहेर पडले, जागा मोकळी झाली, तरी भिंतींवर जुना रंग असतोच. चिकाटीचा माणूस तो खरवडून वाचू शकतो. म्हणून झाडूचा दुसरा भाग. जेवढी जागा मोकळी असेल तेवढ्यात शून्यं भरायची. डिस्क गच्च होईपर्यंत. नुसती शून्यं. मग ती शून्यांची फाइलही काढायची. झालं. आता कुणी कितीही खरवडलं तरी खाली पांढरी भिंत." तिनं पेन्सिल खाली ठेवली, खुर्ची फिरवली आणि पडद्याऐवजी माझ्याकडे बघितलं. "कळलं?"

दुसरी शिट्टी झाली, आणि तिच्यामागून लगेच तिसरी.

"अगं, कुकर!" बाबा ओरडले. "वरणाचं पिठलं होईल!"

मी उठले आणि गॅस बंद करायला गेले. परत आले तेव्हा आईनं माइक बंद केला होता आणि ती कानाला हेडफोन लावून स्वतःची बडबड ऐकत होती. चूक सापडली नाही, कारण त्यात चूक नव्हतीच. तिनं तसं सांगितलं तेव्हा ती जरा नाराजच वाटली.

जेवताना बाबा म्हणाले, "या घरात एक बाई कॉम्प्युटरशी बोलते, दुसरी पुस्तकाशी. माझ्याशी काय तो दूधवाला बोलतो."

"तोही बिलापुरताच," आई म्हणाली आणि तिनं त्यांच्या पानात आंब्याची दुसरी फोड वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसली आणि उठलीच नाही. कप तिच्या शेजारी सरळ उभा होता. तिला काही झालं असेल असं कप बघून कुणाला वाटलं नसतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी रजा वाढवून घेतली. रोज सकाळी बादली घेऊन बाबा मागची पायरी धुवायचे. स्वच्छ पायरी पुन्हा पाण्यानं घासायचे आणि वाळेपर्यंत तिथेच उभे राहायचे. आईच्या खोलीत मात्र ते पाऊल टाकत नव्हते.

नसीमानं कॉम्प्युटरचा विषय स्वतःहून काढला नाही. मीच तिला फोन केला. आई जे द्यायचं म्हणाली होती ते गेलं पाहिजे, असं माझ्या मनानं घेतलं होतं. घरात तेवढं एकच काम होतं, जे कसं करायचं हे मला ठाऊक होतं.

"सावकाश द्या ताई," नसीमा म्हणाली. "घाई नाही."

"नको. आज संध्याकाळी टेम्पो पाठव. तोवर मी साफ करून ठेवते."

जेवणं झाल्यावर मी मागच्या खोलीत गेले. आईच्या खुर्चीवर बसायची ती माझी पहिलीच वेळ. खुर्ची तिच्या उंचीला बसवलेली होती, त्यामुळे माझे गुडघे टेबलाच्या कडेला लागत होते. मी कॉम्प्युटर चालू केला.

साफ करायच्या फोल्डरमधे फाइलींच्या रांगा होत्या. सगळ्यांना सत्राची, विषयाची, वर्षाची नीट नावं होती. एकच फाइल वेगळी होती. तिचं नाव होतं टी-एम-पी, पुढे एक आकडा. ज्याचा उपयोग संपला की काढायचं, अशा गोष्टींना आई हेच नाव द्यायची. मी ती सहज उघडून बघितली. गाणी वाजवायची खिडकी उघडली. त्यात सेकंदांचे आकडे पुढे सरकू लागले, पण आवाज काही नव्हता. काहीतरी कोरं असेल असं समजून मी ती थांबवली आणि खिडकी खाली सारून ठेवली. स्पीकरचं बटण बंद असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग मी आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि झाडू चालवला.

"नक्की?" पडद्यावर अक्षरं उमटली. प्रोग्रामला आईनं असं विचारायला शिकवलं होतं. मी "हो" टाइप केलं. "पुन्हा विचार कर. नक्की?" मी पुन्हा "हो" टाइप केलं.

नावं भराभर वर सरकत गेली. वर्षामागून वर्षं गेली. शेवटी पडद्यावर एकच ओळ राहिली, "शून्यं भरत आहे", आणि टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा एकसारखा करकर करू लागला. याला वेळ लागणार होता. मी तिच्या पेन्सिली गोळा करायला घेतल्या.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. बाबांनी उचलला.

"नसीमा आहे," त्यांनी हाक मारली.

"ताई, एक विचारायचं राहिलं," नसीमा म्हणाली. "रागावणार नाही ना? मॅडमची एखादी बडबड राहिलीय का त्यात? त्या रोजची रोज पुसायच्या, मला माहीतय. पण शेवटची पुसायला..." ती थांबली. "त्यांचा आवाज कुठेच नाही हो माझ्याकडे. आमच्या बॅचचे फोटो आहेत नुसते."

आमच्याकडेही नव्हता. हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. मामेभावाच्या लग्नाच्या व्हिडिओत ती होती, पण सनईच्या आवाजात जिलबी वाढताना. तेव्हा मोबाइल आमच्या घरात आले नव्हते. आई बोलायची आणि आम्ही ऐकायचो, यापलीकडे कुणी त्याची काही तजवीज केली नव्हती.

"कुठल्या नावानं ठेवायची ती?" मी विचारलं.

"नाव कुठलं देतायत. टी-एम-पी."

मी मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"ताई?"

"मी झाडू चालवलाय."

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"जाऊ दे," नसीमा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "जाऊ दे ताई. त्यांनाही तेच हवं होतं."

आणि मला ते घर आठवलं. पाटी नसलेलं, आत दिवा चालू असलेलं.

"नसीमा, ती उघडी आहे. मी ती उघडून बघितली होती. आवाज आला नाही म्हणून थांबवली आणि खिडकी तशीच खाली ठेवली. मी ती बंद केलेली नाही."

"बंद करू नका!" ती एवढ्यानं ओरडली की बाबांनाही ऐकू गेलं. "हातसुद्धा लावू नका तिला. अहो, आहे मग ती! शून्यं तिच्यावर फिरत नाहीत, जागा धरलेली आहे तिनं. काढता येईल. मी सांगते तसं करा, मशीनसमोर बसा..."

पंखा मंदावला. फिरता फिरता थांबला.

त्या वर्षी भारनियमन होतं. आठवड्यातल्या ठरलेल्या दुपारी लाइट जायची. आई ते वार स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवायची. पण ती गेल्यापासून त्या कॅलेंडरचं पान कुणी उलटलं नव्हतं.

मागच्या खोलीत यूपीएसनं पहिला टिट् दिला.

"बाबा, फोन धरा," मी रिसीव्हर त्यांच्या हातात कोंबला. "ती सांगेल ते मोठ्यानं मला सांगा. शब्दन्‌शब्द."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नकोय. नुसतं सांगा."

मी पळत आत आले. पडदा चालू होता. खुर्चीवर बसले, तोच बाहेरून बाबांचा आवाज आला, धरणावरच्या मुकादमाला हाक मारताना असायचा तसा.

"ती म्हणते, दुसरी काळी खिडकी उघड!"

"उघडली!"

"आधी वाजवणाऱ्याचा नंबर काढ म्हणते. पी, एस! नाही, मग मधे जागा सोडायची! मग आडवी रेघ... हं, हं, नसीमा, सावकाश, मी म्हातारा माणूस आहे... मग ए!"

आकड्यांची रांग आली. मला प्लेअरचा आकडा सापडला. मी तो ओरडून सांगितला, बाबांनी फोनवर सांगितला, नसीमानं पुढचं त्यांना सांगितलं आणि त्यांनी मला. ते एकेक अक्षर सुटं करून सांगत होते. तिरकी रेघ म्हणायची की आडवी, यावरून त्यांचं नसीमाशी थोडं भांडणही झालं. "अगं, तिरकी म्हणजे कुठं तिरकी? पावसासारखी की चढासारखी?" यूपीएस टिट् टिट् करत होता.

"चढासारखी!" बाबा ओरडले.

मी शेवटची ओळ टाइप केली आणि बटण दाबलं. नाव नसलेल्या त्या फाइलीची प्रत काढून, तिला नवं नाव देऊन, दुसऱ्या फोल्डरमधे ठेवायची, असा त्या ओळीचा अर्थ होता.

उत्तर लगेच आलं. डिस्कवर जागा शिल्लक नाही.

"बाबा! जागा नाही म्हणतंय!"

"जागा नाही म्हणतंय," बाबा फोनवर म्हणाले. मग थोड्या वेळानं, "ती म्हणते, झाडूनं सगळीकडे शून्यं भरून ठेवलीत. झाडू थांबव आणि ती शून्यांची फाइल काढ. मग होईल."

मी झाडू थांबवला. बाबांनी सांगितली तशी शून्यांची फाइल काढायची ओळ टाइप केली. डबा करकरला. कर्सर खालच्या ओळीवर जाऊन लुकलुकत राहिला.

"झालं का?"

"काढतोय अजून!"

"ती म्हणते, फाइल फार मोठी असेल तर वेळ लागतो! थांब म्हणते!"

यूपीएसचे ठोके जवळजवळ येऊ लागले. त्याची बॅटरी जुनी होती. आई म्हणायची, यात फक्त काम आवरून उठण्यापुरता वेळ असतो. मी कर्सरकडे बघत होते. तो लुकलुकत होता, बाकी काही नाही. हा संपेल, मग मी ओळ पुन्हा टाइप करेन, मग प्रत होईल, तीही एवढी मोठी की तिलाही वेळ लागेल. मधेच कुठेतरी पडदा काळा होईल. आणि तोवर मी तिचा एक शब्दही ऐकलेला नसेल.

मी स्पीकरचं बटण चालू केलं.

"बाबा, फोन खाली ठेवा," मी म्हणाले. "इकडे या."

"अगं, ती सांगतेय ना..."

"बाबा, या."

ते दारापर्यंत आले आणि उंबऱ्यापाशी अडले. मी खाली सारलेली खिडकी वर घेतली आणि आकडे सुरुवातीला आणून सोडले. खरखर झाली. मग ती म्हणाली,

"बस इथे. पाय हलवायचे नाहीत, शिंकायचं नाही आणि मधे बोलायचं नाही. माइक चालू आहे."

बाबांनी चौकट धरली. मग ते हळूहळू आत आले आणि स्टुलावर बसले. त्या स्टुलावर मी त्यांना कधीच बसलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

त्यांचा स्वतःचा आवाजही त्यात होता, लांबून आलेला. तिला निदान चहा तरी पिऊ दे. ते ऐकून त्यांचे ओठ हलले. आई पुढे गेली. नाव निघतं, घर पडत नाही. कळलं? आणि त्यानंतर शांतता होती. त्या शांततेत पंख्याची कुरकुर होती, आणि अगदी जवळ कुणीतरी श्वास घेत होतं. ती मी होते. बटाट्याच्या पाण्यासारखी फेकून द्यायची ही बडबड. पण तिच्यात दर चार ओळींनंतर तिनं माझ्यासाठी जागा सोडली होती. बाहेरून ऐकल्याशिवाय ते मला कसं समजणार होतं?

ठोके आता सलग येत होते. आई पाट्यांबद्दल बोलत होती, पोस्टमनबद्दल, जुन्या रंगाबद्दल. बाबा मान हलवत होते. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ते मनापासून मान हलवत होते. मला त्यांना सांगावंसं वाटलं की बाबा, मान हलवायची नसते, नुसतं बघायचं असतं. पण बघायला तिथे काही नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. काळ्या खिडकीत कर्सर अजून लुकलुकत होता.

"...खाली पांढरी भिंत," आई म्हणाली. पेन्सिल टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची फिरल्याचा आवाज आला. "कळलं?"

शिट्ट्या झाल्या. बाबा लांबून ओरडले, वरणाचं पिठलं होईल. स्टूल सरकलं. माझ्या सपाता खोलीतून बाहेर गेल्या. गॅसचं बटण फिरलं, भांड्यावर भांडं आपटलं.

मला वाटलं, इथे तिनं माइक बंद केला असणार. पण आकडे पुढे जात होते. पंखा कुरकुरत होता. ती तिथेच बसून होती, रिकाम्या स्टुलासमोर, काही न बोलता. इतका वेळ ती कधीच थांबत नसे.

मग ती स्वतःशीच, हळू आवाजात म्हणाली, "कळलं असेल."

आणि बटणाचा टक् आवाज.

आकडे थांबले. बाबा माझ्याकडे बघत होते. बाहेर टेबलावर पडलेल्या रिसीव्हरमधून नसीमाचा बारीक आवाज येत होता, काका, ताई, झालं का? यूपीएसनं एक लांबच लांब सूर धरला आणि तो तुटला. पडदा आतल्या आत मिटत गेला, मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, मग तोही गेला.

खोलीत कसलाही आवाज राहिला नाही.

"कळलं, आई," मी म्हणाले.